काशीत कॅमेरा कुठे ठेवायचा



मी फोटो-टूर घेतो. म्हणजे बारा-पंधरा लोकांना घेऊन एखाद्या गावी जायचं, त्यांना पहाटे चारला उठवायचं, थंडीत कुडकुडत उभं करायचं आणि वर त्याचे पैसे घ्यायचे. पंधरा वर्षं झाली हा उद्योग करतोय. सगळ्यात जास्त फेऱ्या झाल्यात बनारसच्या. त्यामुळे लग्नात, बँकेत, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही कोणी ओळखलं की प्रश्न ठरलेला असतो. "सर, दोन दिवस आहेत आमच्याकडे. फोटोला चांगल्या जागा कुठल्या, तेवढ्या सांगा."

आज त्याच सांगणार आहे. त्यातली एक जागा अशी आहे की तिच्याबद्दल मी आजवर चारचौघांत बोललेलो नाही. ती मी शेवटासाठी राखून ठेवलेली नाही. नदीत ती मध्येच येते, म्हणून बोलण्यातही मध्येच येईल.

आधी नकाशा डोक्यात घ्या. गंगा हिमालयातून येते आणि पूर्वेकडे समुद्राला जाते, हे आपण शाळेत शिकलो. पण काशीपाशी ती वळते आणि चक्क उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी म्हणतात तिला. सगळं गाव तिच्या पश्चिम काठावर. अस्सीपासून राजघाटापर्यंत साधारण साडेसहा किलोमीटरची चंद्रकोर आणि त्यात चौऱ्याऐंशी घाट. समोरच्या काठावर काय? वाळू. घर नाही, दार नाही. म्हणजे सूर्य उगवतो तो वाळूच्या मागून, आणि त्याचं पहिलं ऊन थेट घाटांच्या तोंडावर पडतं. मधे काहीच आड येत नाही. चुनारच्या वालुकाश्मात बांधलेले हे घाट त्या उन्हात जे दिसतात, ते मग दिवसभर पुन्हा तसे दिसत नाहीत. दुपारनंतर सूर्य गावाच्या मागे जातो आणि सगळे घाट सावलीत बुडतात.

लोक फसतात ते इथे. मोबाइलमध्ये सोनेरी घाटांचा फोटो जपून आणलेला असतो, नऊला हॉटेलचा नाश्ता करून साडेदहाला येतात आणि म्हणतात, "फोटोत वेगळं दिसत होतं हो." वेगळंच होतं. तो फोटो साडेसहाचा होता.

आपण महाराष्ट्रातली माणसं आणखी एका गोष्टीला चुकतो. घड्याळ देशभर एक, पण सूर्य एक नाही. काशी आपल्यापेक्षा बरीच पूर्वेला आहे. डिसेंबरात मुंबईत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तिथे सातच्या आधी वीस मिनिटं. मे महिन्यात तर जवळजवळ तासाचा फरक, पाच वाजून दहा मिनिटांनी ऊन. संध्याकाळीही तेच. डिसेंबरात सव्वापाचला सूर्य मावळलेला असतो. "सहाला सनसेट काढू" म्हणून निघालात तर अंधार मिळेल.

तेव्हा जागा क्रमांक एक म्हणजे होडी. वल्ह्यांची होडी. इंजिनाची स्वस्तात जास्त फिरवते, पण ती थरथरते, आणि तुम्ही "थांबा" म्हणेपर्यंत पुढे गेलेली असते. वल्हेवाला हात थांबवतो आणि होडी पाण्यावर उभी राहते. भाडं आणि वेळ, दोन्ही बसायच्या आधी ठरवून घ्या. मग वाद होत नाहीत. अस्सीवरून उत्तरेकडे निघालात की प्रवाह तुमच्या बाजूने असतो, घाट डाव्या हाताला आणि सूर्य उजव्या. फोटो काढणाऱ्याला याहून काय हवं?

अस्सीवर उजाडायच्या आधी आरती होते. २०१४ पासून तिथे 'सुबह-ए-बनारस' नावाचा रोजचा कार्यक्रम असतो, आरतीच्या जोडीला शास्त्रीय संगीतही. पुजारी नदीकडे तोंड करून उभे असतात, मागे आकाश तांबूस होत असतं. त्यांच्या बाजूला, थोडं खाली पायरीवर बसा. लोक समोर गर्दी करतात, तुम्ही बाजूला बसा.

पुढे तुलसी घाटाचा आखाडा. गदा फिरवणारे, जोर मारणारे पहिलवान. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला लगेच घरचं वाटतं. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या आणि आधी विचारायचं. मग चेतसिंहाचा किल्ला. १७८१ साली वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहाला इथेच कोंडला आणि तो निसटला, तो हा वाडा. बुरूज सरळ पाण्यातून वर उठलेले दिसतात. पहिल्या दहा मिनिटांच्या उन्हात याचा फोटो घ्या. त्यानंतर हरिश्चंद्र घाट येतो, तिथे मी सगळ्यांना लेन्सला टोपी लावायला सांगतो. का, ते सांगतो थोड्या वेळाने. मग केदार घाट. पायऱ्यांना आणि देवळाला दाक्षिणात्य पद्धतीचे लाल-पांढरे पट्टे. रंगांचा फोटो हवा असेल तर हाच. धुकं असलं तरी तो हरवत नाही.

धुक्यावरून आठवलं. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत धुकं इतकं असतं की कधी कधी दहा वाजले तरी समोरची होडी दिसत नाही, आणि गाड्यांचं वेळापत्रक कोलमडतं. पण त्याच दिवसांत सीगल येतात, हजारोंनी. होडीवाले शेवेची पाकिटं विकतात, तुम्ही मूठभर उधळलीत की पक्षी डोक्याभोवती घिरट्या घालतात आणि सगळ्यांचा सारखाच फोटो निघतो. मी शेव विकत घेऊ देत नाही. तळलेली, मिठाची शेव पक्ष्यांना घालून फोटो काढायचा हा काय प्रकार आहे? तसेही ते उडतच असतात. थोडं थांबा, येतील.

आता दशाश्वमेधाच्या जवळ आलो. इथे माझ्या टूरमध्ये दर वेळी एक गंमत होते. होडीत कोणीतरी विचारतं, "हा कुठला घाट?" मी सांगतो, अहिल्याबाई घाट. "त्याच्या आधीचा, तो महाल?" मुन्शी घाट. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी असलेल्या श्रीधर नारायण मुन्शींनी बांधलेला. पुढे शेजारचा भाग दरभंग्याच्या राजाकडे गेला, आता तिथे हॉटेल आहे. "आणि मागे गेला तो राजा घाट?" अमृतराव पेशवे. "आणि हा दशाश्वमेध?" दगडी बांधकाम नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, १७४८ च्या सुमाराचं. मग शांतता. एकदा कऱ्हाडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या जरा वेळाने म्हणाल्या, "म्हणजे आत्तापर्यंत आम्ही आमच्याच घराचे फोटो काढत होतो होय!"

थट्टा नाही, खरंच तसं आहे. आज ज्याला जग 'बनारसचा फोटो' म्हणून ओळखतं, त्या फ्रेममधला मोठा भाग अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मराठी पैशाने उभा राहिलाय. विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास पुन्हा बांधलं. कळसाचं सोनं मात्र महाराजा रणजितसिंहांचं. ज्ञानवापीचा मंडप बायजाबाई शिंद्यांचा. आणि मणिकर्णिकेच्या पुढे, उत्तरेला गेलात की नावं ऐकत जा. शिंदे घाट, भोसले घाट, गणेश घाट, तो पुन्हा अमृतराव पेशव्यांचा, मग जटार घाट, ग्वाल्हेर घाट, बालाजी घाट. साताऱ्याच्या एखाद्या पेठेतून चालल्यासारखं वाटतं. तिथल्या गल्ल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. नाथांनी आपलं भागवत १५७३ मध्ये पुरं केलं ते याच काशीत. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट इथलेच. झाशीच्या राणीचा जन्म इथला आणि माहेरचं नाव मणिकर्णिका. 'आज' या हिंदी दैनिकाचे गाजलेले संपादक बाबूराव विष्णू पराडकर हेही याच गावात जन्मलेले मराठी गृहस्थ.

फोटोग्राफीच्या भाषणात हा इतिहास कशाला, असं वाटेल. कारण इमारत कोणी आणि कशासाठी बांधली हे कळलं की उभं कुठे राहायचं हेही कळतं. भोसले घाटाचा वाडा बघा. खाली उंच, भक्कम भिंत, खिडक्या सगळ्या वर. पावसाळ्यात गंगा काही मजले चढते, म्हणून. तो होडीतून, खालून वर बघतच काढायचा, तेव्हाच त्याची छाती दिसते. पायऱ्यांवर उभं राहून काढलात तर नुसती भिंत येते. किंवा पंचगंगा घाट. वर औरंगजेबाच्या काळातली आलमगीर मशीद, त्याआधी तिथे बिंदुमाधवाचं देऊळ होतं. आजचं बिंदुमाधवाचं देऊळ शेजारी आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. जेम्स प्रिन्सेप हा टाकसाळीचा इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकात इथे होता, त्याची चित्रं बघा, किंवा १८६० च्या दशकातले सॅम्युएल बोर्नचे फोटो. त्यांत मशिदीला दोन उंच, सडसडीत मिनार दिसतात, आणि सगळा काठ त्या दोन रेघांभोवती रचल्यासारखा वाटतो. १९४८ मध्ये त्यातला एक कोसळला, दुसरा सुरक्षेसाठी उतरवला. आज त्या जागी उभं राहून फोटो काढला की आकाश जरा जास्तच रिकामं वाटतं, आणि का ते चटकन कळत नाही. जुनं चित्र पाहिलेल्याला कळतं.

बालाजी घाटावर थांबा. वरच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँसाहेब वर्षानुवर्षं सनईचा रियाज करायचे. फोटोत सनई येत नाही, हे खरं. तरी थांबा.

पण मी पुढे गेलो. मधे एक घाट सोडला. सवय झाली आहे.

२००८ साली मी पहिल्यांदा काशीला गेलो, एकटा. नवीन ७०-२०० लेन्स घेतली होती, हप्त्यांवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही लेन्स लांबचं जवळ आणते. पन्नास फुटांवरचा चेहरा तुमच्या पुढ्यात आणून ठेवते. मणिकर्णिकेसमोर आलो. रात्रंदिवस जिथे चिता जळतात तो घाट. लाकडाच्या राशी, धूर, धुरात तिरपं ऊन. मी म्हटलं, फोटो म्हणजे हाच. आणि काढत सुटलो.

होडीवाल्याने वल्ही वर उचलून धरली. वयस्क माणूस होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "भैया, ये आपके कोई हैं?"

मला वाटलं तो थांबवून जास्त पैसे मागणार. या घाटावर तसे लोक भेटतात. वर चला, गच्चीवरून दाखवतो, लाकडासाठी दान द्या, असं म्हणून गळ घालणारे. मी म्हटलं, "नहीं, कोई नहीं." तो काहीच बोलला नाही. वल्ही पाण्यात घातली.

त्यातला एक फोटो फार चांगला आला. खरंच चांगला आला, आज बघितला तरी रचना निर्दोष आहे. धूर, ऊन, आणि डाव्या कोपऱ्यात मुंडन केलेला एक मुलगा, वीस-बावीसचा, खांद्यावर मडकं. तो थेट लेन्सकडे बघतोय. मी तो वीस बाय तीसचा छापला. प्रदर्शनात लावला. लोक त्याच्यासमोर थांबायचे. त्याच फोटोमुळे मला पहिली टूर मिळाली. म्हणजे आज तुमच्यासमोर उभा आहे तो थोडाफार त्या मुलामुळे.

आता माझ्या आईबद्दल. काशीला जायचं असं रोज नुसतं म्हटलं तरी पुण्य लागतं, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. आई ती अक्षरशः पाळायची. मी बॅग भरायला लागलो की विचारायची, "कुठे, काशीला? ने की मला." मी म्हणायचो, "आई, पहाटे चारला उठावं लागतं गं." ती चारला उठायचीच. मग मी म्हणायचो, "पुढच्या बॅचला." सात वर्षं पुढची बॅच चालली होती. २०१७ च्या नोव्हेंबरात ती गेली. आणि मी तिला काशीला नेलं. कलशातून.

पंचगंगा घाटावर विधी केला. दुर्गा घाटाच्या गल्लीतले मराठी गुरुजी मिळाले होते. बोलणं मराठी, पण चाल बनारसी. माझं मुंडन झालेलं, ओलं धोतर, हातात पिठाचा गोळा. गुरुजी सांगत होते, मी करत होतो. तेवढ्यात समोरून एक होडी आली. पाच-सहा पर्यटक. एकाने कॅमेरा उचलला.

ऐकणाऱ्यांत जे फोटोग्राफर असतील त्यांना हे लगेच कळेल, की मला ती लेन्स ओळखता आली. पांढरी लेन्स, पुढे काळं हूड. ७०-२००. होडी किती लांब आहे याचा अंदाज मला सवयीने आला, साठेक फूट. म्हणजे माझा चेहरा आणि खांदे त्याच्या फ्रेममध्ये किती येणार, तेही कळलं. ऊन माझ्या डाव्या गालावर होतं. त्याला काय दिसतंय हे मला त्याच्याइतकंच स्पष्ट दिसत होतं, आणि फोटो चांगला येणार आहे हेही. एवढ्यात पंधरा-वीस वेळा शटर पडलं असेल. मी त्याच्याकडे बघत राहिलो. ओरडावंसं वाटलं नाही. काय ओरडणार? गुरुजी म्हणाले, "इकडे बघा, पाणी सोडा."

घरी आल्यावर मी तो जुना प्रिंट उतरवला. ऑफिसच्या भिंतीवर नऊ वर्षं होता. फाइल पुसलेली नाही. पुसली असती तर सुटलो असतो, असं वाटलं. ती आहे, एका हार्ड डिस्कवर, आणि त्यातल्या मुलाला मी ओळखत नाही. तो आता तिशीत असेल. त्याचं तेव्हा कोण गेलं होतं, तेही मला माहीत नाही.

तर हरिश्चंद्र आणि मणिकर्णिका या दोन घाटांसमोर माझ्या टूरमध्ये कॅमेरे बंद असतात, मोबाइल खिशात. हा माझा नियम आहे, फॉर्मवर ठळक छापलेला आहे. तिथले लोकही फोटोला मनाई करतात, पण होडीतून, लांबून, कोण अडवणार? म्हणून तो नियम मी माझ्याकडून घालतो. यावर भांडणं झालीत. एक गृहस्थ मला म्हणाले, "जगभरच्या फोटोग्राफरांनी काढलेत, आम्हीच काय घोडं मारलंय?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. मृत्यू लपवून न ठेवणारं गाव आहे ते, सगळं उघड्यावर चालतं. आणि काही फोटोग्राफरांनी तिथे वर्ष-वर्ष राहून, त्या कुटुंबांशी बोलून काम केलेलं आहे. तसं राहायचं असेल तर जरूर राहा. आपण मात्र दोन रात्री-तीन दिवसांच्या पॅकेजवर आलेलो असतो. त्या गृहस्थांनी टूर अर्धी सोडली. मी त्यांचे उरलेले पैसे परत केले. त्यांनी इंटरनेटवर माझ्याबद्दल एक तारा दिला, तो अजून आहे.

आता यात एक तांत्रिक अडचण आहे, ती सांगायलाच हवी. बनारसमधली सध्या सगळ्यात जास्त फोटो निघणारी वास्तू म्हणजे रत्नेश्वर महादेवाचं कललेलं देऊळ. साधारण नऊ अंशांनी झुकलेलं, पायथा पाण्यात. पिसाच्या मनोऱ्यापेक्षाही जास्त झुकलंय म्हणून लोक धावत येतात. आणि ते आहे नेमकं मणिकर्णिकेला चिकटून, शिंदे घाटाच्या कडेला. होडीतून सरळ फोटो काढलात की डाव्या बाजूला चिता येतातच. म्हणून असं करा. मणिकर्णिका ओलांडून होडी थोडी उत्तरेला जाऊ द्या, शिंदे घाटाच्या समोर. देऊळ फ्रेमच्या डाव्या कडेला ठेवा आणि उजवीकडे फ्रेम उघडा. शिंदे घाटाचे दगडी बुरूज येतात. बायजाबाईंनी हा घाट १८३० च्या सुमारास बांधला, तो इतका जड झाला की स्वतःच्या भाराने खचला, असं सांगतात. कललेलं देऊळ, खचलेला घाट, आणि दोन्हीला तोलून धरणारं सपाट पाणी. हा फोटो त्या दुसऱ्या फोटोपेक्षा रचनेनेही चांगला आहे. विश्वास नसेल तर दोन्ही काढून बघा... नाही, एकच काढा.

या देवळाला मातृऋण महादेव असंही म्हणतात. कोणा एकाने आईचे पांग फेडायला देऊळ बांधलं, "फिटलं तुझं ऋण" म्हणाला, आणि देऊळ तिथल्या तिथे कललं, अशी गोष्ट. १८६० च्या दशकातल्या फोटोंत ते सरळ दिसतं म्हणतात, म्हणजे गोष्ट नंतरची असणार. पूर्वी मी ही गोष्ट होडीत रंगवून सांगायचो, छान हशा यायचा. हल्ली होडीवाल्याला सांगायला लावतो.

उरलेलं भराभर सांगतो. सूर्य वर आला की होडी सोडा, पलीकडच्या वाळूत एकदा उतरा, तिथून अख्खी चंद्रकोर एका फ्रेममध्ये बसते. मग गल्ल्या. गल्ल्यांचा फोटो सकाळी काढू नका. घरं इतकी दाटीने आहेत की ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते दुपारी बारा ते एक, तेव्हा उन्हाची एक पट्टी वरून खाली उतरते. तिच्यात कोणी येईपर्यंत थांबा, बैल आला तर वाट द्या. हिवाळ्यात ठठेरी बाजाराकडे सकाळी मलइयो मिळतो. दुधाचा केशरी फेस, कुल्हडात. फोटो लवकर काढा, फेस बसतो, आणि खरं तर खायलाच घेतलेला असतो. विश्वनाथाच्या मंदिरात मोबाइल, कॅमेरा काहीच नेता येत नाही. डिसेंबर २०२१ पासून नदीवरून थेट मंदिरापर्यंत प्रशस्त वाट झाली आहे, तिचं भव्य दार पाण्यावरून चांगलं येतं. मंदिरात कॅमेरा नेऊ देत नाहीत यावर लोक हळहळतात. मला तो काशीतला सगळ्यात निवांत अर्धा तास वाटतो.

शेजारच्या ललिता घाटावर नेपाळी मंदिर आहे, लाकडाचं, कोरीव. तिथे गर्दी कमी असते. सारनाथ दहा किलोमीटरवर, धमेख स्तूप सुमारे त्रेचाळीस मीटर उंच. त्याच्यावरची नक्षी दुपारी तिरप्या उन्हात उठून दिसते, म्हणून तिथे साडेतीननंतर जा. गावाच्या उत्तर टोकाला नमो घाट नवा आहे, मोठ्या जोडलेल्या हातांचं शिल्प आहे, तरुण मंडळींना आवडतो, मला फारसं सुचत नाही तिथे.

संध्याकाळची दशाश्वमेधाची आरती. सगळे होडीतून बघतात. बघायला छान, फोटोला वाईट. शंभर होड्या एकमेकींना बांधलेल्या, सगळ्या हलतात, अंधार, म्हणजे फोटो हललेला. तासभर आधी जाऊन पायऱ्यांवर बाजूला जागा धरा. आणि आरती संपल्यावर लगेच उठू नका. लोक पांगतात, पुजारी ती जड दीपपात्रं उचलून नेतात, पायऱ्यांवर तेल सांडलेलं असतं, दिव्यांचा उजेड ओल्या दगडावर पडतो. त्या वीस मिनिटांत मला नेहमी काहीतरी मिळालंय. कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीला सगळे घाट पणत्यांनी भरतात. त्या गर्दीचं काय सांगू? पंचगंगेवर अहिल्याबाईंचा म्हणून ओळखला जाणारा दगडी हजारी दीपस्तंभ त्या रात्री पेटतो. तो बघायचा असेल तर दुपारीच जाऊन बसा, डबा घेऊन.

मागच्या डिसेंबरातली टूर. चौदा जण. धुकं नव्हतं. माझा २००८ चा होडीवाला आता नाही, त्याचा मुलगा वल्हवतो. त्याला माझा नियम माहीत आहे. मणिकर्णिका आली, चौदा टोप्या लागल्या. कोणी बोलत नव्हतं. घाटावर एक कुटुंब पायऱ्या उतरत होतं, त्यातल्या एका मुलीने आमच्या होडीकडे बघितलं. आम्हीही बघितलं, नुसत्या डोळ्यांनी. काही वेळ तसंच गेलो. वल्ह्यांचा आवाज येत होता. देवळाचा कललेला कळस डावीकडून मागे सरकला, शिंदे घाट समोर आला, तेव्हा त्याने वल्ही वर घेतली, होडी उभी केली आणि म्हणाला, "अब लीजिए."